गाड्याचं चाक

(आयर्विन पूल, पहाटेचं धुकं)

हा सांगलीचा आयर्विन पूल. कृष्णेची धोक्याची पातळी इथं 45 फुटांना, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. तेव्हा कॅमेरा घेऊन कोण फिरत होतं, जो तो सामान उचलत होता.

आणि आता एक पुस्तक. कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड', 2006 ची कादंबरी, पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालेली. जग जळून राख झालंय, कशानं ते लेखक सांगतच नाही, आणि एक बाप नि त्याचं पोरगं दक्षिणेला समुद्राकडं चालत निघालेत. दोघांची नावंपण सांगितलेली नाहीत. बरोबर काय, तर सुपरमार्केटात सामान भरायला असते ती ट्रॉली. ताडपत्री, पांघरुणं, डबे, सगळा संसार त्यात, आणि अगदी गरजेचं तेवढं पाठीवर, कारण ट्रॉली टाकून पळायची वेळ कधीपण येईल.

(गणपती पेठ, केळीचा गाडा आडवा केलेला)

आता हे बघा. मामांचा गाडा, पुढचं चाक लटलट करतंय. आस फिरून फिरून भोक मोठं झालंय. नवीन चाक घ्यायचं नाही, मामांनी भंगारातला पायपाचा तुकडा आणलाय, एक्सा ब्लेडनं मापात कापायचा, भोकात ठोकून बसवायचा, मग ग्रीस, मग बोल्ट. नातू पाना धरून उकिडवा बसलाय, बोलत नाही, नुसतं बघतोय.

खोटं वाटेल, पण कादंबरीत हेच आहे, अगदी हेच! ट्रॉलीचं पुढचं चाक डगमगायला लागतं तर बाप बोल्ट काढतो, हातड्रिलनं भोक मोठं करतो, हॅक्सॉनं पाईप कापून आत बसवतो, आणि पोरगं शेजारी बसून सगळं बघतं. लोक त्या पुस्तकातली राख नि माणूसखाऊ टोळ्या लक्षात ठेवतात, मला विचाराल तर सगळं पुस्तक या अर्ध्या पानात आहे. फरशीवर फिरायला बनवलेली ती वस्तू, दुकान गेलं, खरेदी गेली, आता पोराला जगवायचं तेवढं काम तिला उरलंय. आपल्या गाड्याला फरशी कधी मिळालीच नाही म्हणा.

(आरशाचा क्लोजअप)

आणि हा आरसा. कादंबरीत ट्रॉलीला मोटारसायकलचा आरसा लावलाय, मागनं कोण येतंय बघायला. मामांच्या गाड्याला स्प्लेंडरचा आहे, आम्ही लावलेला नाही हां, आधीपासनंच होता. "टेम्पोवाले हॉर्न कुठं वाजवत्यात," मामा म्हणतात.

पुरात गाडा कसा वाचला? "खांबाला बांधला आन् निघालो. पाणी उतरल्यावर आलो तर तिथंच, उलटा." नंतर एकदा अतिक्रमण म्हणून उचलून नेलेला, सोडवायला चार दिवसांचा धंदा गेला.

पुस्तकात ट्रॉली चोरीला जाते. बाप चोराला गाठतो, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतो, पोरगं रडत राहतं.

(गाडा परत उभा)

मामा ढकलून बघतात. गटारीच्या झाकणावरनं चाक सरळ गेलं. आरशात मागं आमचा कॅमेरा दिसतोय, शॉट तसाच ठेवलाय.