आजाऱ्याचा समाचार: दारातून आणि पडद्यावरून

(कोल्हापुरात एका वाचनालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

मराठीत 'समाचार घेणे' या शब्दांना दोन अर्थ आहेत. आजारी माणसाची विचारपूस करणे हा एक, आणि एखाद्याला चांगले फैलावर घेणे हा दुसरा. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून २८ वर्षे काम करताना मला अनेकदा वाटले, की पहिल्या अर्थाने आलेली माणसे दुसऱ्या अर्थाचेच काम करून परत जातात. खाटेभोवती आठ जण उभे राहतात. एक जण विचारतो, आधीच का दाखवले नाही. दुसरा सांगतो, आमच्या साडूलाही हेच झाले होते आणि तो चार महिन्यांत गेला. तिसरी बाई पिशवीतून शहाळे काढते. आणि ज्याला खरे तर केव्हाचे लघवीला जायचे असते तो रुग्ण, सर्वांसाठी चहा सांग म्हणून मुलाला खुणावत असतो.

हा समाचार आता मोबाइलवर आला आहे, आणि त्याबद्दल माझ्या वयाच्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते, की माणसे आता येत नाहीत, नुसती हात जोडल्याची चित्रे पाठवतात. तक्रार खोटी नाही. परंतु मला आज जे सांगायचे आहे ते या तक्रारीच्या थोडे पलीकडचे आहे. आजार उघडकीला येतो तेव्हा आणि तो शेवटाला पोहोचतो तेव्हा आपल्या पेठांमध्ये माणसांची वाण कधीच पडत नाही. तालमीची पोरे रक्त द्यायला रांग लावतात, गल्लीतून डबे येतात. वाण पडते ती मधल्या काळात. तो काळ महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो, त्यात सांगण्यासारखे नवे काही घडत नाही, आणि येणारी पावले एकेक करून थांबतात. या मधल्या काळासाठी आपल्याकडे रीतच नव्हती. ती मी पहिल्यांदा पाहिली ती सात बायकांच्या एका व्हॉट्सअॅप गटात, आणि त्या सातांपैकी एक मी आहे.

आम्ही सातजणी एका शाळेतल्या. लग्नानंतर कोल्हापुरातच राहिलो, म्हणून भिशी सुरू केली. २०१४ साली भिशीच्या तारखा कळवण्यासाठी हा गट काढला आणि त्याचे नाव 'भिशी' असेच ठेवले. दोन वर्षांनी आमच्यातल्या एकीची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि तिचे डायलिसिस सुरू झाले: आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. ज्यांच्या घरात हे झालेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की डायलिसिसने मूत्रपिंड बरे होत नाही. त्याचे रक्त गाळण्याचे काम तेवढे यंत्र करते, आणि प्रत्यारोपण झाले नाही तर ते आयुष्यभर करावे लागते. म्हणजे ज्याला आपण मधला काळ म्हणतो, त्याला इथे दुसरा काठच नसतो. सहाव्या महिन्यात कोण भेटायला येणार, आणि येऊन विचारणार तरी काय?

तिने एक सवय लावून घेतली. पहाटे सहाला घर सोडताना ती गटावर एक शब्द लिहीत असे, 'निघालो', आणि दुपारी परतल्यावर दुसरा, 'आलो'. (बाहेरगावच्या श्रोत्यांनी गोंधळू नये, कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात.) या दोन शब्दांवर आम्ही आरंभी काय काय पाठवले ते आठवले की मला संकोच होतो: देवांची चित्रे, धीराची वचने, 'काळजी घे'. महिनाभराने तिनेच लिहिले, "बायांनो, हे बास करा. मंडईत आज काय भाव होता ते सांगा." तेव्हापासून 'आलो'च्या खाली पडवळाचा भाव, कुणाच्या सुनेशी झालेली खडाजंगी, महाद्वार रोडवर दिसलेली साडी, करपलेली चटणी असे सारे येऊ लागले. दीर्घ आजारात माणसाच्या हातून आधी निसटते ते हे रोजचे, किरकोळ जगणे. भेटायला आलेला मनुष्य घरात गंभीर चेहरा घेऊन येतो, कारण दारातून आत येताना त्याला तो घ्यावाच लागतो. फोनवर दोन ओळी लिहिणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. पडद्यावरच्या समाचाराचा मला सर्वांत मोठा गुण हा वाटतो, की तो लहान असतो, वारंवार करता येतो, आणि आजाऱ्याला उठून बसावे लागत नाही, पदर सावरावा लागत नाही, चहा सांगावा लागत नाही. उत्तर द्यायचे की नाही, हेसुद्धा त्याच्या हातात राहते. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर रुसायचे नाही एवढे मात्र गटाने आपापसांत ठरवून घ्यावे लागते.

आता एका वाक्याचा मला खरोखरच समाचार घ्यायचा आहे, आणि तोही दुसऱ्या अर्थाने. ते वाक्य म्हणजे 'काही लागले तर सांग'. आपण ते मनापासून म्हणतो. पण म्हणताना सगळे काम आजाऱ्यावर टाकून मोकळे होतो: काय लागते ते त्याने शोधायचे, कुणाला सांगायचे ते त्याने ठरवायचे, भीड मोडून शब्द त्याने टाकायचा, आणि नकार आला तर तोही त्यानेच गिळायचा. माझ्या नोकरीच्या काळात या वाक्यावर विसंबून कुणी कुणाला काही सांगितल्याचे मला फारसे आठवत नाही. आमच्या गटात एकीने एके दिवशी नुसते लिहिले, "बुधवारी तुझे दळण मी नेते, डबा दारात ठेव." कामाला नाव होते, वार होता, आणि नको असेल तर 'नको' एवढेच म्हणायचे होते. त्यानंतर विजेचे बिल, औषधांची खरेदी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांच्या झेरॉक्स अशी कामे आपोआप वाटली गेली. तिच्या नवऱ्यासाठीही एक काम निघाले. तीन वर्षे तो तिला पहाटे नेत होता आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसत होता, आणि त्याची विचारपूस कुणीच करत नव्हते. गटातल्या एकीच्या यजमानांनी दर शुक्रवारी त्याला गंगावेशीत दूध प्यायला न्यायचे असे ठरले. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचा समाचार घेण्याची पद्धत आपल्या समाजात जवळपास नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

अशा सोबतीने आयुष्य वाढते का, असा प्रश्न मला हमखास विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर एका संशोधनाच्या कथेत आहे. १९८९ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणाने बोलत होत्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या. ज्यांना असा गट मिळाला नव्हता, त्या १८.९ महिने. या आकड्यांनी जगभर खळबळ उडाली. पुढे २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला, आणि गटामुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २००७ साली स्वतः स्पीगल यांच्या नव्या अभ्यासातही एकंदरीत तेच आढळले. मात्र कॅनडातल्या त्या अभ्यासात, ज्या स्त्रिया आरंभी अधिक खचलेल्या होत्या, त्यांची मनःस्थिती गटामुळे सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या. एवढे मला पुरेसे वाटते. मैत्रीला औषध म्हणून विकू नये. दुखणे तेवढेच राहून ते कमी दुखले, तर त्या कमी दुखण्याला किंमत नाही असे कोण म्हणेल?

औषधाचा विषय निघालाच आहे, तर शहाळ्याकडे परत जाऊ. आजाऱ्याला शहाळे न्यावे हे आपल्या रक्तात आहे. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, आणि रक्तातले पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. प्रेमाने नेलेली वस्तू अशी जिवावर बेतू शकते, आणि फोनवरून येणारी शहाळी तर मोजता येत नाहीत. अमुक पाल्याचा रस, तमुक बाबांचा काढा, 'डायलिसिस कायमचे बंद' असा व्हिडिओ. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, पण मैत्रिणीने पुढे पाठवलेला संदेश जाहिरातीसारखा दिसत नाही, तो मायेसारखा दिसतो. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, ती अफवांना आळा घालण्यासाठी. आमच्या गटाचे नियंत्रण त्याहून कडक निघाले. उपचाराविषयीची कोणतीही गोष्ट गटावर टाकायची नाही. अगदीच राहवले नाही तर ती डायलिसिस केंद्रातील आहारतज्ज्ञांना विचारायची आणि त्यांचे उत्तर टाकायचे. दोघींना याचा राग आला. एक तर महिनाभर बोलली नाही.

आमच्या शाळेच्या तुकडीचाही एक मोठा गट आहे, पन्नासेक जणींचा. त्यात कुणाच्या शस्त्रक्रियेची बातमी आली की चाळीस वेळा 'लवकर बरी हो' येते आणि रुग्णालयात कुणीही जात नाही, कारण इतक्या जणींतली कुणीतरी गेलीच असेल असे प्रत्येकीला वाटते. शिवाय तिथे टाकलेला रक्ताचा अहवाल संध्याकाळपर्यंत मुलीच्या होणाऱ्या सासरी पोहोचतो. खाटेवरच्या माणसाचा, नळ्या लावलेला फोटो त्याला न विचारता पाठवणाऱ्यांबद्दल तर मी इथे, या सभ्य सभागृहात, काहीच बोलत नाही.

एक अडचण मात्र आम्हाला कुणालाच आधी दिसली नव्हती. आपल्या भागात शेतीच्या कामाला पैरा करतात: आज माझी बैलजोडी तुझ्या शेतात, उद्या तुझी माझ्या. घेतलेले फेडले जाते, म्हणून घेताना मान खाली जात नाही. दीर्घ आजारी माणसाला फेड करता येत नाही, आणि हे त्याला आजाराहून अधिक खाते. आमची मैत्रीण दुसऱ्या वर्षी अगदी गप्प झाली होती ती याच कारणाने. तिला बाहेर काढले ते आमच्यापैकी एकीच्या संकटाने. तिच्या मुलीचा संसार मोडत होता आणि घरात बोलायची सोय नव्हती. डायलिसिसला बसलेल्या माणसाचा एक हात यंत्राला जोडलेला असतो, पण दुसरा मोकळा असतो, आणि चार तास त्याला कुठे जायचे नसते. सोमवारी सकाळी नऊ वाजता, सगळ्या जगाला घाई असताना, मन लावून ऐकणारी एकच बाई कोल्हापुरात आहे, हे त्या दुसरीने ओळखले. हळूहळू आम्ही सगळ्याच आपापली गाऱ्हाणी त्या चार तासांसाठी राखून ठेवू लागलो. भिशीचा हिशेबही तिने स्वतःकडे मागून घेतला, आणि तो आजतागायत एका पैशानेही चुकलेला नाही.

आता २०१९ च्या ऑगस्टविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय फोनचे कौतुक अर्धवट आणि थोडे खोटेही होईल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरले, वीज गेली आणि शहराचा पाणीपुरवठाही थांबला. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. चहूकडे पाणीच पाणी, आणि यंत्राला पाणी नाही. मैत्रिणीचे घर पाण्याने वेढलेल्या भागात होते. सोमवारी ती जाऊन आली. बुधवारी पहाटे सहाला 'निघालो' हा शब्द आला नाही. साडेसहाला आमच्यातली एक उठून बसली होती. फोन लागत नव्हता. तिच्या बॅटरीने रात्रीच मान टाकली होती. मग राजारामपुरीतल्या एकीने टँकरचे पाणी मिळालेले केंद्र फोनवरून शोधले, दुसरीच्या भाच्याने नाव मिळवली, आणि गुरुवारी सकाळी तिला तिथे बसवले. फोन तेव्हा तिच्या काहीच उपयोगाचा नव्हता. उपयोगाला आली ती तीन वर्षांची त्या दोन शब्दांची सवय, कारण शब्द न येणे हीच आम्हाला बातमी होती.

पूर ओसरल्यावर आम्ही एक काम अगदी जुन्या पद्धतीने केले. तिच्या डायलिसिसचे वार, केंद्राचा आणि पर्यायी केंद्राचा पत्ता, रक्तगट, औषधांची नावे, आम्हा सहाजणींचे क्रमांक आणि घरचे पत्ते एका कागदावर हाताने लिहिले, त्याच्या सात प्रती काढल्या आणि सातही घरांत फ्रिजवर चिकटवल्या. तळाशी एक ओळ आहे: बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की हिने राजारामपुरीत राहायला यायचे, ४३ ची वाट बघायची नाही. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात तो कागद नव्याने लिहितो. २०२१ च्या जुलैत पाणी झपाट्याने चढले, तेव्हा ती पिशवी भरून आदल्याच दिवशी आली होती, आणि आल्याआल्या तिची पहिली तक्रार होती, की कागदावर आपल्या औषधाचे नाव चुकीचे लिहिले आहे. ते आम्ही तिच्यासमोरच खोडून दुरुस्त केले.