विगनचा जासूद : दिएगो सिलांगचे बंड

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि आज येथे जमलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

इथे फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या मकातीत, आयाला मार्गावरून जाताना घोड्यावर बसलेल्या, हातात कोयता उगारलेल्या स्त्रीचा पुतळा आपण सर्वांनीच पाहिला आहे. आपली मुले तिला सहज ‘इथली झाशीची राणी’ म्हणतात. त्या म्हणण्यात प्रेम आहे, आणि ते मला आवडतेही. परंतु गाब्रिएला सिलांग राणी नव्हती, तिच्याजवळ गादी नव्हती की किल्ला नव्हता, आणि तिचे बंड १८५७ च्या चौऱ्याण्णव वर्षे आधीचे आहे. शिवाय ते बंड सुरू केले तिच्या पतीने, दिएगो सिलांगने. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

दिएगोचा जन्म १७३० सालचा, फिलिपिन्सवर स्पेनचे राज्य असतानाचा. लहानपणापासून तो उत्तरेकडच्या इलोकोस प्रांतातल्या विगनमध्ये एका स्पॅनिश पाद्र्याच्या पदरी राहिला, स्पॅनिश भाषा शिकला आणि पुढे विगन ते मनिला पत्रे पोहोचवण्याचे काम करू लागला. पेशवाईत अशा माणसाला जासूद म्हणत. या फेऱ्यांत त्याने इलोकोसचा किनारा, पांगासिनान आणि मनिलापर्यंतचा मुलूख पाहिला. कोणत्या गावात पट्टी कशी वसूल होते, कोण वेठीला धरले जाते आणि मनिलाच्या तटाआड किती बळ आहे, हे सारे त्याला ठाऊक झाले होते.

इलोकोसची रयत दोन गोष्टींनी गांजली होती. एक म्हणजे दरसाल द्यावी लागणारी ‘त्रिबुतो’, म्हणजे खंडणीवजा पट्टी, आणि दुसरी ‘पोलो’ नावाची वेठबिगार. त्यात भर म्हणजे प्रांताचा अधिकारी, ‘आल्काल्दे मायोर’, सरकारात ठरावीक रक्कम भरून स्वतः व्यापार करण्याची मुभा मिळवत असे. ज्याच्या हाती कर आणि तुरुंग, त्याच्याच हाती बाजार! इलोकोसचे सुती कापड उत्तम. स्पॅनिश गलबतांची शिडेदेखील त्याच कापडाची असत. ते विणणाऱ्याच्या पदरात काय पडत असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशात ऑक्टोबर १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतले. हे आरमार मद्रासहून आले होते आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे हिंदी शिपाई होते. त्यांपैकी काही परत गेलेच नाहीत, आणि मनिलाजवळच्या काइन्ता गावात त्यांचे वंशज आजही आहेत. आपल्याकडे तेव्हा पानिपताचा घाव ताजा होता आणि थोरले माधवराव राज्याची घडी बसवत होते.

मनिला पडल्यावर दिएगोने विगनच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांपुढे जो मुद्दा मांडला, तो मला त्याच्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. आम्ही पट्टी भरतो ती संरक्षणासाठी. तुम्हाला आमचे रक्षण करता येत नसेल, तर पट्टी कशासाठी, आणि निदान आम्हाला शस्त्रे देऊन आमचा प्रांत आम्हाला राखू द्या. उत्तरादाखल त्याला तुरुंगात टाकण्यात आले. मित्रांच्या खटपटीने तो सुटला, आणि १४ डिसेंबर १७६२ रोजी विगनमध्ये बंड उभे राहिले. पट्टी बंद करा, वेठ बंद करा आणि प्रांताधिकारी झाबाला याला हटवा, या त्याच्या मागण्या होत्या. विगन त्याच्या ताब्यात आले. तेव्हा त्याने नाझरेथच्या येशूला आपला सरसेनापती म्हटले आणि स्वतःकडे त्याच्या हाताखालच्या नायकाचे पद घेतले. पाद्र्यांशी लढणारा हा माणूस धर्म सोडायला तयार नव्हता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याची मोठी अडचण कळत नाही. कारण त्याचा सर्वांत कठीण विरोधक चर्चच होते.

त्याने इंग्रजांशी संधान बांधले, यावरून काही जण त्याला दोष देतात. मला तो दोष पुरा पटत नाही. मनिलाजवळच्या पांपांगा प्रांतातून सिमोन दे आंदा हा स्पॅनिश अधिकारी प्रतिकार उभारत होता आणि दिएगोला शरण यायला सांगत होता. दिएगोजवळ तोफा नव्हत्या, दारूगोळा नव्हता. इंग्रजांनी त्याला पदव्या दिल्या, भेटी पाठवल्या, गलबते आणि फौज पाठवण्याचे वचनही दिले. गलबते आली नाहीत. कळवळा येतो तो येथे, की ज्याने जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाहिली, तो अखेरीस अशा पत्रांवर विसंबला. १० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिसमध्ये इंग्लंड आणि स्पेन यांचा तहही होऊन गेला होता. ती बातमी मनिलात पोहोचण्याच्या आतच दिएगो गेला.

२८ मे १७६३ रोजी मिगेल व्हिकोस हा त्याचा मित्र घरी आला. त्याच्याबरोबरच्या कटात पेद्रो बेकबेक होता. व्हिकोसने दिएगोच्या पाठीत गोळी घातली. फितुरी हा शब्द आपल्या भाषेला इतका जवळचा आहे, की मला त्याचे अधिक वर्णन करण्याची गरज वाटत नाही.

गाब्रिएला तेव्हा बत्तीस वर्षांची होती. ती आब्राच्या डोंगरात गेली, तिथल्या तिंगियान या डोंगरी लोकांना बरोबर घेऊन परतली आणि सप्टेंबरमध्ये तिने विगनवर चाल केली. हल्ला मोडला, ती पुन्हा डोंगरात गेली, पकडली गेली आणि त्याच महिन्यात विगनमध्ये तिला फाशी देण्यात आली. तिच्या अनेक सहकाऱ्यांना किनाऱ्यावरच्या गावांत लोकांच्या देखत लटकवले गेले.

मी विगनला गेलो, तेव्हा संध्याकाळ होती. दगडी फरसबंदीवरून कलेसा, म्हणजे आपल्या टांग्यासारख्या घोडागाड्या, टापांचा आवाज करत चालल्या होत्या आणि चौकात मुले कारंज्याभोवती खेळत होती. गाडीवानाला मी दिएगोचे नाव विचारले. त्याने लगाम खेचला, घोडा थांबवला, आणि गाब्रिएला कोणत्या वाटेने डोंगराकडे गेली ती दिशा मला हात लांब करून दाखवली.