मुलीची पाळी आणि दुधाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. वयात आलेल्या मुलीच्या पाळीच्या तक्रारींविषयी आज मला आईवडिलांशी, आणि लेक-सून ऊसतोडीला गेल्यामुळे नातीला सांभाळणाऱ्या आज्यांशीही बोलायचे आहे. पहिल्या पाळीनंतर दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते, हे आपण जाणताच. या वयात दोन पाळ्यांच्या पहिल्या दिवसांमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते आणि रक्तस्राव २ ते ७ दिवस राहतो. मात्र हे समजण्यासाठी तारखा लिहिलेल्या हव्यात. पुन्हा सांगते, तारखा लिहिलेल्या हव्यात. "मागच्या अमावास्येच्या आसपास आली होती" एवढ्यावर डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही.

जिंतूर तालुक्यात आरोग्यसेविका असताना मी नववीतल्या एका मुलीच्या आईला असेच तारखा लिहायला सांगितले. त्या घरात लिहिण्याची जागा एकच, भिंतीवरचे कॅलेंडर. आणि तेथे वडील दुधाचा हिशेब ठेवीत, ज्या दिवशी दूध आले नाही त्या तारखेवर फुली मारीत. माउलीने त्याच पेनाने पाळीच्या प्रत्येक दिवशी फुली मारली. महिनाअखेरीस वडिलांनी दुधाचे नऊ खाडे धरून पैसे कापले. गवळी म्हणाला, "मालक, या महिन्यात एकबी खाडा न्हाई." शब्दाला शब्द वाढला, शेजारी जमले, तेव्हा वडिलांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून अंगणात आणले आणि ते एकेक फुली बोटाने दाखवू लागले. आई दाराआड पदर तोंडाला लावून उभी. अखेर ओसरीवरून आजी कडाडली, "आरं, ते दुधाचं न्हाई, आपल्या पोरीचं हाय!"

शेजारी कधी पांगले ते कळलेही नाही, आणि गवळ्याने पैसे न मागताच सायकलीवर टांग टाकली. वडील मात्र तेथेच उभे राहून फुल्या पुन्हा मोजू लागले आणि त्यांनी विचारले, "माय, नऊ दिवस असतंय का कुणाला?" घरातल्या आम्हा बायकांनी कोणी मोजलेच नव्हते, असे ती आई मला नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते पान खिशात घालून वडील मुलीसह उपकेंद्रात आले. ग्रामीण रुग्णालयात तपासले तेव्हा मुलीचे हिमोग्लोबिन ८ निघाले. या वयात ते किमान १२ हवे. वर्गात पेंगते म्हणून जिला बोलणी बसत होती, तिच्या अंगात रक्तच नव्हते. डॉक्टरांनी थायरॉइडची आणि रक्त नीट गोठते की नाही याची तपासणी करून उपचार सुरू केले. वडिलांनी बाजारातून लाल पेन आणले, आणि गवळी पुढे कितीतरी महिने हिशेबाच्या वेळी "काळ्या फुल्याच धरा, मालक" असे बजावत राहिला.

तेव्हा सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गाठी पडणे, तीन महिने पाळी न येणे किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरू न होणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जावे. पोटदुखीचे कारण असे की, प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावते. शेक घेतल्याने बरे वाटते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच, परंतु उपाशीपोटी नव्हे, घ्यावी. दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, तर "लग्न झाल्यावर राहील" हे उत्तर मुळीच देऊ नये. मुलीचे दुखणे असे अंगावर काढायला शिकवायचे आणि पुढे तिशीत पिशवीच काढून टाकायची, ही आपल्याकडची रीत मला संतापजनक वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर कधीही नको. चहाने लोह अंगी लागत नाही. आपल्या घरांत भाकरी संपण्याआधीच चहाचे आधण ठेवतात, त्याला माझा जुना विरोध आहे. गोळीने शौच काळे झाले, तर घाबरून ती बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना तारखांचे पान सोबत न्यावे, आणि तपासणीच्या खोलीत प्रश्न मुलीला विचारला असेल तर उत्तरही तिलाच देऊ द्यावे. नमस्कार.