डॉ. सुभाष मुखर्जी आणि गोठवलेला भ्रूण

द्रवरूप नायट्रोजनच्या या टाकीचे झाकण उघडताच पांढरे धुके बाहेर सांडते. आतले तापमान आहे उणे 196 अंश सेल्सिअस. वंध्यत्वावरील उपचारांत भ्रूण असा जपून ठेवणे आज नित्याचे झाले आहे. परंतु 1978 साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ते करून दाखवले, तेव्हा जगात त्याला पूर्वोदाहरण नव्हते.

1931 मध्ये हजारीबाग येथे जन्मलेल्या मुखर्जींचा सारा अभ्यास गर्भारपणाभोवती फिरत राहिला. पहिली डॉक्टरेट त्यांनी कोलकाता विद्यापीठातून प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात मिळवली, दुसरी 1967 मध्ये एडिंबरा येथे प्रजननाशी निगडित संप्रेरकांवर. त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ याच अभ्यासात आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ज्या स्त्रीवर त्यांनी उपचार केले, तिच्या बीजवाहिन्या, म्हणजे स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नलिका, निकामी होत्या. इंग्लंडमध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी घडवणारे एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी नैसर्गिक मासिक चक्रात तयार होणारे एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बीण घालून काढले होते; मुखर्जींनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अनेक स्त्रीबीजे पक्व केली, ती योनीमार्गाने काढली आणि शरीराबाहेर त्यांचे फलन घडवले. मात्र या औषधांमुळे त्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास पुरेसे अनुकूल राहत नाही, हे संप्रेरकांच्या या अभ्यासकाने ओळखले आणि भ्रूण पुढच्या एखाद्या नैसर्गिक चक्रापर्यंत थांबवून ठेवण्याचे ठरवले.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा भ्रूण 8 पेशींचा आहे. पेशीत मुख्यतः पाणीच असते, आणि ते गोठताना तयार होणारे बर्फाचे टोकदार स्फटिक पेशीला आतून फाडतात. म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य वापरून भ्रूण गोठवला गेला. अतिशीत तापमानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य या कामात त्यांच्यासोबत होते. 53 दिवसांनी भ्रूण वितळवून गर्भाशयात सोडण्यात आला, तो रुजला, आणि 3 ऑक्टोबर 1978 रोजी, जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्या जन्मानंतर बरोबर 10 आठवड्यांनी, कोलकात्यात मुलगी जन्मली. दुर्गापूजेच्या दिवसांत आलेल्या या मुलीला जग ‘दुर्गा’ म्हणून ओळखू लागले. गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ जन्मल्याची ऑस्ट्रेलियातील बहुचर्चित नोंद 1984 ची आहे.

राज्य सरकारच्या समितीने मुखर्जींचा दावा फेटाळला, 1981 मध्ये मुखर्जींची बदली नेत्रचिकित्सेच्या संस्थेत झाली आणि त्याच वर्षी 19 जून रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

आता मुंबईतील परळ. येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षाचा जन्म झाला आणि ती भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशाला माहीत झाली. मुखर्जींची हस्तलिखित टिपणे 1997 मध्ये आनंद कुमार यांच्या हाती आली. ती बारकाईने तपासून त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात स्पष्ट लिहिले, की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. ज्या मानावर त्यांचे स्वतःचे नाव कोरले गेले होते, तोच त्यांनी पुराव्यानिशी दुसऱ्याच्या हवाली केला.