काळं रान, पांढरं आभाळ

नमस्कार श्रोतेहो. फोटोबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे गंमतच, दाखवायला हातात काहीच नाही. पण आजचं चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेलाय, वखरलेलं काळं रान भिजलंय आणि मावळतीला ढगांच्या फटीतून ऊन उतरलंय.

आता कॅमेरा काढा. ढगांचा उजेड धरून फोटो घेतला, तर रान डांबर ओतल्यासारखं सपाट होतं. रानाचा धरला, तर आभाळ पांढरंफटक. आपला डोळा या दोन्हींवरून फिरत राहतो, बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू सगळं जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एका खटक्यात एकच माप घेता येतं. प्रकाश दुप्पट झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात. म्हणजे १० स्टॉपचा फरक १०२४ पट झाला! काळी माती आणि वर उन्हानं उजळलेला ढग, ही जोडी कॅमेऱ्याला दमवते.

यावरचा इलाज आजचा नाही. फ्रान्समधल्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राची काच (तेव्हा फोटोची निगेटिव्ह काचेवर असायची) वेगळी आणि आभाळाची वेगळी घेऊन, क्षितिजावर जोडून एकच छायाचित्र छापलं होतं. संगणकावरच्या एचडीआरचं, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करण्याचं, तत्त्व साधारण तेच. ट्रायपॉड लावायचा, ॲपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं ते) आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते) हलवायचे नाहीत, बदलायचा फक्त शटरचा वेग, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. मधला फोटो १/६० सेकंदाचा असेल, तर ढगांसाठी १/२५० आणि मातीसाठी १/१५. तिन्ही एकत्र केले की प्रकाशाचा सगळा पल्ला हाती येतो. पण एवढा पल्ला कागदावर किंवा पडद्यावर मावत नाही, म्हणून तो दाबून बसवावा लागतो. त्याला टोन मॅपिंग म्हणतात आणि माणूस बिघडतो तो इथंच.

मीही बिघडलो होतो. बालाघाटावरच्या आमच्या रानाचा फोटो घेतला आणि संगणकावर उजेड-रंग कमीजास्त करायच्या सगळ्या पट्ट्या उजवीकडं ओढल्या. ढग जांभळे झाले, बांधावरच्या लिंबाभोवती देवाच्या तसबिरीत असते तशी पांढरी प्रभावळ आली, आणि ढेकूळ न् ढेकूळ दिसायला लागलं. मोठ्या कौतुकानं चुलत्यांना दाखवला.

"हे वावर कुणाचं रं?"

"आपलंच की तात्या, वडाकडचं."

"मग ह्यातली माती कुठं गेली?"

खरंच होतं. सावल्या उजळता उजळता मी काळ्या मातीची राख केली होती.

तेव्हापासून मी आधी अंधार कुठं ठेवायचा ते ठरवतो. वेरूळच्या लेण्यात आतून बाहेर पाहताना तर हे फार जपावं लागतं. खांबामागचा काळोख काढून टाकला, की लेण्याची खोलीच जाते. (तिथं ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, बरं का.)

दुसरी अडचण हलणाऱ्या गोष्टींची. नळदुर्गाला बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे. काळा दगड आणि फेसाळ पाणी, एचडीआरचा मोह होणारच. पण तिन्ही फोटोंत पाणी वेगवेगळं असतं, जोडलं की गढूळ दिसतं. तिथं पाणी एकाच फोटोतलं ठेवावं, बाकीच्यांतून फक्त दगड आणि आभाळ घ्यावं. ज्वारीचंही तसंच. वारा असला की एका कणसाची तीन होतात. आजकालचे बरेच मोबाईल भराभर अनेक फोटो घेऊन ही जोडणी आपोआप करतात, आणि पुष्कळदा बरी करतात. फक्त नंतर वर आणखी फिल्टर चढवू नका.

पुढच्या मृगात त्याच बांधावर उभं राहून फोटो घेतला. या वेळी पट्ट्या जेमतेम हलवल्या, माती काळी ठेवली, नांगरटीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ तेवढी राहू दिली. तात्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं.

"वाफसा यायला अजून दोन दिवस लागतील," म्हणाले, आणि फोन परत दिला.