चौकशी करणाऱ्याच्या घराचा पत्ता

(इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्याकडे लग्न ठरण्याआधी एक प्रश्न हमखास येतो : ‘चौकशी केली का?’ पूर्वी ती मामा करायचे, नाहीतर आत्याचे यजमान. मुलगा देवासच्या कारखान्यात असला, की तिथला कुणी नातेवाईक सहज म्हणून त्याच्या कॉलनीत चक्कर मारून यायचा. आता मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत. म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी खासगी गुप्तहेर आहे. माझं निम्मं काम म्हणजे चौकीदाराशी, किराणावाल्याशी आणि जुन्या घरमालकाशी नीट बोलणं.

तीन वर्षांपूर्वी एका मुलाबद्दल मी अहवाल दिला. त्याने पहिलं लग्न लपवलं होतं. स्थळ मोडलं. आठ दिवसांनी, रात्री साडेनऊला, मुलाचा भाऊ आमच्या दारात. मी बाहेर होते. सासूबाईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘त्यांना सांगा, घर बघून ठेवलंय.’ एवढं बोलून गेला. मी आले तेव्हा सासूबाई देवघरापाशी बसल्या होत्या. त्याने प्यायलेला पेला अजून हातातच होता.

याला पत्ता मिळाला कुठून? माझ्या कार्डावर फक्त मोबाइल नंबर असतो. उत्तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दिलं. आमचं घर १४ नंबरचं. तो आधी ४१ नंबरच्या घरी गेला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीएसटीच्या नोंदणीत मी घाईत आकडे उलटे भरले होते, आणि ते दुरुस्त करायचे राहून गेले होते. ४१ हा आकडा दुसरीकडे कुठेच नव्हता. मुलीच्या वडिलांनी भांडणात माझं बिलच त्या लोकांपुढे टाकलं होतं. बिलावर जीएसटी नंबर असतोच. तो पोर्टलवर टाकला, की व्यवसायाचं मुख्य ठिकाण कुणालाही दिसतं. माझा व्यवसाय घरातूनच चालतो.

त्यात कुणी चोरी केली नाही, की कुणाला लाच दिली नाही. नोंद उघडी होती, त्याने ती वाचली. मी स्वतः रोज हेच करते. मतदार यादी, भूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा खसरा (जमिनीची नोंद), कंपन्यांची कागदपत्रं यांवर माझं पोट चालतं. म्हणून सरकारी नोंदी बंद करा, असं मी कधीही म्हणणार नाही.

उलट, आमच्या धंद्याच्या अंगावर एक जुना डाग आहे. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला तिच्याच दारात गोळी घातली गेली. मारेकऱ्याला तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेरामार्फत मिळाला होता, आणि तो आला होता कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याच्या नोंदीतून. त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेत वाहनचालकांची माहिती झाकणारा कायदा झाला. परवानाधारक गुप्तहेरांना ठरावीक कामांसाठी ती माहिती आजही मिळते. १९९९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका तरुणीच्या नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता असाच विकला गेला आणि तिचा जीव गेला. ज्याची माहिती विकता, त्याच्या जिवाची काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य आहे, असं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडेही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइलच्या कॉल नोंदी विकल्याच्या प्रकरणात गुप्तहेरांना पकडलं. आमच्या घराला आडोसा मागताना हे सगळं मी विसरू शकत नाही. दुसऱ्याचा पत्ता सांभाळणार नसू, तर आमचा सांभाळा म्हणायचं तोंड आम्हाला राहत नाही.

मग मागायचं काय? फ्लोरिडाचा कायदा पाहा. तिथे सरकारी कागद उघडे ठेवण्याची परंपरा फार जुनी आणि कडक आहे. तरीही परवानाधारक गुप्तहेराच्या घरचा पत्ता आणि घरचा फोन तिथे गोपनीय ठेवतात. परवाना देणारं खातं तो पोलिसांना देऊ शकतं, पण वाटेल त्याला नाही. नाव आणि परवाना मात्र सगळ्यांना दिसतात. मात्र त्यात एक अट आहे : घर हेच कार्यालय असेल, तर तो पत्ता सार्वजनिक. म्हणजे त्या कायद्यानेही माझ्या सासूबाईंना वाचवलं नसतं. आपल्याकडे या धंद्यातली किती माणसं, विशेषतः बायका, बैठकीच्या खोलीतूनच काम करतात!

तोड आपल्याच देशात निघालेली आहे, फक्त ती दुसऱ्या कामासाठी होती. माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांवर हल्ले झाले. तळेगावचे सतीश शेट्टी जानेवारी २०१० मध्ये मारले गेले, त्याच वर्षी जुलैत अहमदाबादला अमित जेठवा. २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं, की अर्जदाराने पोस्ट बॉक्स नंबर दिला तर पुरे, घराच्या पूर्ण पत्त्याचा आग्रह धरू नका. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पत्र पोचलं पाहिजे, समन्स पोचलं पाहिजे. माणूस झोपतो कुठे हे जगाला कळायची गरज नाही.

आपली खरी अडचण आणखी आधीची आहे. इथे गुप्तहेरांना परवानाच नाही. २००५ चा कायदा सुरक्षारक्षकांच्या एजन्सीसाठी आहे, आम्ही त्यात येत नाही. २००७ मध्ये आमच्यासाठी राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. परवाना नाही, तर माझी तक्रार करायला तुम्ही जाणार कुणाकडे? आणि माझ्या घराच्या पत्त्यावर कुलूप लावणार कोण?

मी राजवाड्याजवळ एक छोटी खोली भाड्याने घेतली आणि नोंदणीत तिचा पत्ता घातला. महिन्याचं भाडं मला जड जातं, पण सासूबाई आता रात्री दार उघडताना माझ्याकडे बघत नाहीत. ज्यांना असं भाडं परवडत नाही, त्यांच्यासाठी मी खासदारांच्या नावे एक पत्र लिहिलंय. विधेयक पुन्हा आणा. परवाना, नाव आणि तक्रारीचा पत्ता सगळ्यांना दिसू द्या. घरचा पत्ता परवाना अधिकाऱ्याकडे बंद ठेवा, आणि पोलीस किंवा न्यायालयाने मागितला तरच उघडा. घरातून काम करणाऱ्यांनाही हे लागू करा. आणि जो गुप्तहेर दुसऱ्याचा पत्ता कारण न विचारता देईल, त्याचा परवाना काढून घ्या. पत्राच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत, हिंदीत आणि मराठीत. वाचा, पटलं तर सही करा. सहीखाली नाव लिहा. घराचा पत्ता लिहायची जागा मी ठेवलेली नाही.