पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवताना

श्रोतेहो, नमस्कार.

बंगळुरूहून नोकरीचं पत्र आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, तिकडे कर किती जातो? पगारापुरतं उत्तर सोपं आहे. प्राप्तिकर केंद्राचा, देशभर एकच. व्यवसाय कर राज्याचा, पण राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, कर्नाटकातही एप्रिल २०२५पासून तसंच. फरक शून्य. खरा फरक पगाराच्या पावतीवर दिसतच नाही.

आधी गाडी बघू. ९ लाखांच्या नव्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर लागतो, कर्नाटकात १४ टक्के आणि वर उपकर. दहा लाखांच्या पुढे तिथला दर एकदम १७ टक्क्यांवर जातो. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, तरी रक्कम मोठीच असते, आणि ती एकदम भरायची असते. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याआत परतणार असाल तर धावपळ नको. फक्त गाडी कर्नाटकात कधी शिरली याचा पुरावा, म्हणजे फास्टॅगची नोंद किंवा वाहतूकदाराची बिल्टी, गाडीतच ठेवा.

कायमचं जायचं असेल तर आधी थकलेली चलनं भरा, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या, मग फॉर्म २८ भरून पुण्याच्या आरटीओतून एनओसी काढा. इथे घोटाळा ठरलेला. बंगळुरूत आरटीओ अनेक आहेत, कोरमंगला वेगळं, इंदिरानगर वेगळं, आणि एनओसी एकाच्याच नावाने निघते. घर ठरण्याआधी घाई केली तर ती चुकीच्या कार्यालयाची निघते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तिथे कर भरून केएचा नंबर मिळाला की नवं आरसी दाखवून पुण्यात उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. त्याला वेळ लागतो, ते पैसे हिशोबात लगेच धरू नका. विमा कंपनीला नवा नंबर कळवायला मात्र विसरू नका. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर खरं सांगायचं तर ती पुण्यातच विकावी.

आता घरभाडं. समजा दोन्हीकडे ४०,००० रुपये. पुण्यात दोन महिन्यांची अनामत म्हणजे ८०,०००. बंगळुरूत पाच महिन्यांची, म्हणजे २ लाख. जास्तीचे १ लाख २० हजार अडकले. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीचं व्याज धरलं तर महिन्याला ६५० रुपये बुडाले. शिवाय घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापायची तिथे रीत आहे. दोन वर्षं राहिलात तर महिन्याला आणखी १,६६७. म्हणजे ४०,००० चं घर ४२,३०० ला पडलं. सोसायटीचा मेंटेनन्स तिथे बहुतेक वेळा भाडेकरूच्या माथी असतो, तो वेगळाच. घर बघताना पाणी कावेरीचं, म्हणजे नळाचं, आहे की बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल कोण भरतं, हे विचारा. कराराच्या मसुद्यात रंगकामाचा आकडा लिहून घ्या, नाहीतर शेवटी मालक म्हणेल तो आकडा.

मुलांच्या बाबतीत चूक झाली तर ती पैशाने भरून निघत नाही. कन्नड भाषा तिथे २०१५च्या कायद्याने शाळांत सक्तीची आहे, सीबीएसईतसुद्धा. पहिली-दुसरीतलं मूल ती सहज उचलतं. नववीतल्याची अडचण प्रवेशाची आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. कर्नाटकात साधारणपणे सात शैक्षणिक वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं. नववीत गेलेल्या मुलाची बारावीपर्यंत चारच होतात. म्हणजे दोन्हीकडची दारं बंद, उरतो तो अखिल भारतीय कोटा आणि महागड्या खासगी जागा. केंद्र सरकारी आणि सैन्यातल्या पालकांना काही सवलती आहेत. बाकीच्यांनी नोकरीचा होकार कळवण्याआधी दोन्ही राज्यांच्या यंदाच्या प्रवेश पुस्तिकेतलं पात्रतेचं पान वाचावं. मूल नववी-दहावीत असेल, तर एका पालकाने बारावीपर्यंत मागे थांबायचं भाडं आणि प्रवासखर्चही तुलनेच्या कागदावर मांडावा.